पुस्तकात नसलेला कोपरा

सासूबाईंची लेस कोपऱ्याशी येऊन थांबली होती. बाळाच्या दुपट्याला चारी बाजूंनी लावायची होती. एक बाजू झाली आणि अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात गेला, पाठोपाठ वाचा गेली. लेस विणायच्या उशीवर टाचण्या रोवलेल्या, दोरा गुंडाळलेल्या कांड्या जोडीजोडीनं तशाच लोंबत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, जवळच्यांना बोलावून घ्या. मला एवढंच सुचलं, की ते दुपटं पांघरलेलं बाळ त्यांनी पाहायला हवं.

सरळ विणायला त्यांनीच शिकवलं होतं. कोपरा वळवणं राहून गेलं. नक्षी त्यांनी संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांच्या पुस्तकातून उतरवलेली, म्हणून बाळाला पोटाशी बांधून तिथं गेले.

पुस्तक सांभाळणाऱ्या बाई बाळाकडे बघून म्हणाल्या, "हा पानं खाणार नाही ना? तुम्ही लेसवाल्या नुसत्या बघूनच पोट भरता, ते परवडतं."

निळ्या कागदावर लेसच्या बोटभर पट्ट्या डकवलेल्या. पिवळट, पण एकेक पीळ जागेवर. कुण्या बाईनं दोरा कुठं ओढून धरला, कुठं सैल सोडला, सगळं दिसत होतं. सासूबाई इथून आल्या की जेवायचं विसरायच्या, ते आता कळलं. आमची नक्षी सापडली. कोपरा मात्र एकाही पानावर नव्हता.

"कोपरा कसा असेल?" बाई म्हणाल्या. "व्यापारी गिऱ्हाइकांना दाखवायला न्यायचे हे. सरळ पट्टी विकायची. घेणारी वळणावर चुण्या घालून शिवून टाकायची."

"मग आमच्या आई कशावरून करणार होत्या?"

"स्वतःच्या डोक्यावरून. दुसरं काय."

घरी येऊन मी लेस तशीच सरळ पुढं विणली, वळणावर चुण्या घातल्या आणि त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी चाचपली. मग नखानं एकेक चुणी उलगडून टाकली. माझ्या शिवणाला आयुष्यभर नावं ठेवत आलेली बाई, आताही सोडेना.

"मग करू काय मी? सांगा ना, आई."

त्या लेसच्या उशीकडे बघत राहिल्या. मी रडत रडत पुढचं सगळं उसवलं, कोपऱ्यापर्यंत. बाळाला त्यांच्या कुशीत ठेवलं, उशी मांडीवर घेतली. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, हे आमचं ठरलेलं होतं.

"ही जोडी घेऊ?"

नाही.

"आतली?"

नाही.

"बाहेरची?"

हो. पीळ दिला, टाचणी रोवली. पुढची जोडी, पुन्हा तसंच. त्यांचा श्वास अडखळायला लागला होता.

"चुकलं तर आत्ताच सांगा हं. मागाहून कुरकुर ऐकणार नाही मी. आता ही घेऊ?"

त्यांनी डोळे मिटले. उघडायला फार वेळ लावला. हातातली जोडी धरून मी त्यांच्या पापण्यांकडे बघत बसले. उघडले, आणि पुन्हा मिटले.

नाही.

मी घाईघाईनं दुसरी जोडी उचलली.