योगिनीच्या नावाची बाटली

सौरभचा फोन आला तेव्हा विमलबाई बायकांसाठी चहा गाळत होत्या. सौरभ वाशीच्या हॉस्पिटलात रक्तपेढीत कामाला. शनिवारी अकरा वाजता तो आपणहून फोन करतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

"काकू, योगिनीताईंच्या नावाची बाटली दुसऱ्या पेशंटला द्यायला लागेल. तुमची परवानगी पाहिजे. न्हावा शेव्याचा ट्रेलर ड्रायव्हर आहे, दोन कंटेनरच्या मधे सापडलाय."

विमलबाईंनी गाळणं खाली ठेवलं. त्यांचा रक्तगट बॉम्बे, हजारो माणसांत एखाद्याचा. त्या माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. मामाच्याच मुलाशी लग्न लागलेलं, म्हणून की काय, एकुलत्या एका पोरीतही तोच उतरला. योगिनीची वार खाली सरकलेली, मंगळवारी सिझेरियन, आणि वेळेवर रक्त मिळालं नाही तर बाई हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून तीन आठवड्यांपूर्वी विमलबाईंनी स्वतःचं रक्त देऊन ती बाटली लेकीसाठी ठेवून घेतली होती. आता चार महिने त्यांचं पुन्हा काढता येणार नव्हतं.

"दुसरं कोणी नाही का रे?"

"साताऱ्याचे एक आहेत, ज्योतिबा म्हणून. दहालाच एसटीत बसलेत. पण पोचायला संध्याकाळ होणार. तोवर हा टिकत नाही, काकू."

"विचारून सांगते," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. विचारणार कुणाला होत्या? कुणालाच नाही. फोन त्यांनी पोह्यांच्या डब्यामागं पालथा ठेवला आणि चहाचे कप भरले. वीस वर्षं संडे स्कूलच्या पोरांना शिकवत होत्या या बाई, की येशूनं आपल्यासाठी जीव दिला, आपणही दुसऱ्यासाठी द्यायला मागं हटायचं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय म्हणायचं?

घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत दर शनिवारी महिला मंडळाची भक्ती व्हायची. गाणं झालं की विनंत्या. हा नेम विमलबाईंनीच लावलेला. प्रत्येकीनं आपलं दुःख मोठ्यानं सांगायचं, लपवायचं नाही, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. कुणी गुडघा सांगितला, कुणी नणंदेचं भांडण. मग राजेश्वरीचा नंबर आला. तिचा नवरा पोर्टात ट्रेलर चालवायचा.

"आमच्या ह्यांच्यासोबतचा ड्रायवर आहे, कुलदीप. सकाळी दोन डब्यांमधी सापडला. रक्त पायजे, पण मिळत नाही. बॉम्बे ग्रुप का काय बोलतात."

सगळ्याजणी विमलबाईंकडे बघायला लागल्या. त्यांचा गट मंडळात कुणाला ठाऊक नव्हता?

"आपण त्या भावासाठी प्रार्थना करू या," विमलबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली. डॉक्टरांच्या हातांना यश मागितलं, त्याच्या घरच्यांना धीर मागितला. बाटलीचा शब्द काढला नाही. डब्यामागं फोन थरथरत होता.

"आई, फोन," बाळंतपणाला माहेरी आलेली योगिनी खुर्चीतून म्हणाली.

"राहू दे. प्रार्थना चाललीय."

योगिनी पोटाला हात लावून उठली आणि तिनं फोन घेतला. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "आई, तासाभरापूर्वी विचारलंय त्यांनी तुला."

विमलबाईंना बायकांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी त्या म्हणाल्या, "मंगळवारी तुला काही झालं तर?"

"तो आज मरतोय."

"तू गप बस. मला अक्कल शिकवू नकोस."

"ज्याचं उत्तर माझ्या नावानं फ्रीजमध्ये पडलंय, त्याची प्रार्थना कसली करतेस, आई?"

पोर काही फार धीराची नव्हती. झुरळ दिसलं तरी पलंगावर चढणारी. आत्ता मात्र तिनं फोन आईपुढं धरला. "माझं हो आहे," ती म्हणाली. "पण रक्त तुझं आहे. तू सांग."

विमलबाईंनी फोन कानाला लावला. "घ्या," त्या म्हणाल्या. पुण्य केल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. राग आला. योगिनीचा आला, राजेश्वरीचा आला, देवाचा तर फारच आला.

चार वाजता योगिनीनं मोरीतून हाक मारली. फरशीवर रक्त होतं.

साडेचारला ती वाशीत ऑपरेशनच्या टेबलावर होती. मंगळवारपर्यंत थांबण्याचा प्रश्नच उरला नव्हता. "बाटली कुठंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "ती गेली," सौरभ म्हणाला.

विमलबाईंनी ब्लाउजची बाही वर सारली. "माझं काढ."

त्यानं बोटाला सुई टोचून बघितलं. "हिमोग्लोबिन नऊ आहे, काकू. नाही काढता येणार."

"मी सांगते ना तुला."

"तुम्ही सांगाल हो. पण मी नाही काढणार."

"मग तो साताऱ्याचा?"

सौरभचा आवाज खाली गेला. "बाटली ड्रायव्हरला लावली आणि एक वाजता मीच त्यांना कळवलं, काम झालं, परत फिरा म्हणून. आता त्यांचा फोन बंद लागतोय."

ऑपरेशन थिएटरचं दार लागलं. विमलबाई बाकावर बसल्या. नेहमीची प्रार्थना काही सुचेना. तू तुझा एकुलता एक दिलास, त्या मनात म्हणाल्या, म्हणून माझी एकुलती एक मागतोस का? मी तुझ्याएवढी मोठी नाही. मला नाही जमणार. मग त्या पदर तोंडात धरून रडल्या.

पाचला जिन्यावरून एक धिप्पाड माणूस धापा टाकत वर आला. खांद्याला कापडी पिशवी, अंगावर प्रवासाची धूळ. "रक्तपेढी कुठं आली हो? मी ज्योतिबा, साताऱ्याचा."

सौरभ उठूनच उभा राहिला. "तुम्ही परत नाही गेलात?"

"कात्रजला आलो तवा तुमचा फोन आला. ड्रायवरला बाटली घावली, बरं वाटलं. पर मागनं म्हनलं, आपल्या गटाची बाटली काय वाटंवर पडलेली नसती. ज्याची उचलली, त्याला नको का? तुमाला इचारावं म्हनलं तर ब्याटरी मेली. म्हनून तसाच बसून ऱ्हायलो यष्टीत." त्यानं पिशवी खाली ठेवली. "कुठं झोपू?"

तो खाटेवर बसला तशा विमलबाई खाली बसल्या आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागल्या.

"अवो मावशी, पाय धुळीचं हायती."

"असू देत," त्या म्हणाल्या आणि बूट काढून खाटेखाली नीट ठेवले.

साडेसहाला ते रक्त आत गेलं. आठाच्या सुमारास डॉक्टरबाई बाहेर आल्या. मुलगी झाली होती. योगिनीला शुद्ध यायची होती, पण धोका टळला होता. विमलबाईंचा जीव भांड्यात पडला. ज्योतिबानं हात जोडले आणि रक्त दिल्यावर मिळालेल्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

विमलबाई लेकीच्या दाराकडे निघाल्या, पण दोन पावलांवर थांबल्या आणि मागं वळल्या.

"सौरभ," त्यांनी विचारलं, "कुलदीप कसा आहे रे?"

दिवसभरात त्याचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं.