एकतिसाव्या दिवसाचं दूध

राजनंदिनीचं लक्ष आज दुधातलं फॅट मोजायच्या मशीनवर ठरतच नव्हतं. वडगाव निंबाळकरच्या दूध संकलन केंद्रावर ती रोज सकाळी वडिलांच्या जागी बसायची, मग बारामतीला बारावीच्या वर्गाला पळायची. सगळ्या आळीचं दूध तिच्या डोळ्यांखालून जायचं, आणि रांगेतला यशराजही.

तो तिच्याच वर्गातला. दिवाळीआधी दोघांचं जुळलं आणि अभ्यासाचे तीनतेरा वाजले. भौतिकशास्त्रात दोघंही काठावर पास! त्यात हा पठ्ठ्या पोरांच्या नादानं तंबाखूचा मावा चघळायला लागलेला. तेव्हा तिनं ठणकावलं होतं, "तीस दिस मावा बंद, अन् सराव परीक्षेत सत्तरच्या वर मार्क. मग येते तुझ्यासंगं बारामतीत आइस्क्रीम खायला. न्हायतर आपलं संपलं."

काल निकाल लागला. तिला ऐंशी, त्याला बाहत्तर! आज एकतिसावा दिवस. सकाळपासून ओढणी तीनदा बदलून झाली होती.

"अगं, ध्यान कुठं हाय तुझं? माझी पावती दे की," प्रयागबाई म्हणाल्या. त्यांच्या मागंच यशराज उभा होता, हसू लपवत.

पावती घेऊन त्या बाजूला झाल्या, तसा तो पुढं सरकला. "बाहत्तर! कधी निघायचं?"

"आधी दूध," ती म्हणाली खरी, पण तिलाही हसू आवरेना. तिनं किटलीचं झाकण उचललं. झाकणाच्या आतल्या बाजूला माव्याची पुडी चिकटपट्टीनं लावलेली होती. भरलेली किटली त्याची आई उघडत नाही, म्हणून तिथं दडवलेली. केंद्रावर ती उघडतं कोण, हेच बेटा विसरला होता!

"काल निकालाच्या खुशीत घेतला," तो पुटपुटला. "खाल्ला न्हाय अजून. आईशप्पथ."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि एवढं होऊनही तो आवडतोच, याचा त्याहून जास्त. तिनं भरली किटली मागं सारली.

"दूध परत."

यशराजनं पुडी ओरबाडून काढली आणि सगळ्यांदेखत गटारात भिरकावली.

"मग आपलं... संपलं?"

"महिना आजपासनं मोज," ती म्हणाली. "रोज तूच यायचं. झाकण मी उघडणार हाय."

त्यानं किटली उचलली, सायकलला अडकवली, आणि वळणावरून मोठ्यानं ओरडला, "एक!"

सगळी रांग तिच्याकडं बघत होती. राजनंदिनीनं डोळे पुसले आणि खुशाल हसली.