दाराजवळची फरशी

कुसगावच्या तालमीत धोंडाबाईनं उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. बाईमाणसानं तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा दंडकच होता. त्यामुळे आत काय चालतं ते तिला दोनच वाटांनी कळायचं. एक तर मुलगा बजरंग जेवताना काही बोलला तर, नाहीतर ओढ्यावर धुणं धुताना बायका बोलल्या तर. बजरंग जेवताना तोंड फक्त भाकरीसाठी उघडायचा. बायका मात्र देवाच्या दयेनं कधी गप्प बसल्या नाहीत.

"धोंडाबाई, औंदाबी तुज्या पोराची फरशी कोरडीच म्हनं," रतनबाईनं लुगडं पिळता पिळता विषय काढला. तिचा हौशीराम त्याच तालमीत होता. अंगानं हत्ती आणि घामानं ओढा. "आमच्या हौश्याचा तर पुरता मानूस उठला फरशीवर. डोकं, छाती, हात, पाय. वस्ताद म्हनले, नाक तेवडं काडायचं ऱ्हायलंय."

धोंडाबाईनं हातातलं धोतर दगडावर असं आपटलं, की दगडालाच वाटावं आपलं काही चुकलं.

आता हा माणूस उठायचा प्रकार सांगायला हवा, कारण कुसगावाबाहेर हे वेड कुणाला असेल असं वाटत नाही. तालमीत लाल मातीच्या हौदाभोवती काळ्या दगडाच्या फरश्या होत्या. प्रत्येक घराची एक फरशी. बापानं जिथं जोर काढले तिथंच मुलानं काढायचे, जागा बदलायची नाही. चैत्रातल्या जत्रेला पंधरा दिवस उरले, की वस्ताद रखमाजी रोज सगळ्या गड्यांकडून एका दमात पाचशे जोर काढून घ्यायचा. अंग पुसायचं नाही, मध्ये उठायचं नाही. मग काठी टेकत फरशी फरशी बघायचा. ज्याच्या फरशीवर घामानं पुरा माणूस उमटेल, तो जत्रेत लोहगडवाडीच्या पैलवानाशी मानाची कुस्ती खेळणार; निवडीचा नारळ जत्रेच्या तोंडावर मिळायचा. ज्याच्या फरशीवर काहीच नाही, तो अंगचोर.

तालमीतल्या तालमीत कुस्ती लावून गडी का निवडायचा नाही, असं कुणी विचारलं तर रखमाजी म्हणायचा, "घरातल्या घरात हारजीत लावली की मनं फाटत्यात. घाम कुनाचा वैरी नसतो. आन घाम खोटं बोलत न्हाई." हौदात गडी रोज लढायचे, पण तो सराव. तिथं कोण पडलं, कुणी पाडलं ते बाहेर बोलायचं नाही, अशी शपथच होती. विचार तसा चांगला होता. चांगल्या विचारानं गावात जितकी माणसं दुखावली जातात, तितकी वाईट विचारानंही जात नसावीत.

बजरंगची फरशी चार वर्षं कोरडी होती. दोन तळव्यांचे ठसे आणि नाकावरून पडलेला एखादा थेंब, एवढंच. पहाटे दुधाच्या दोन चरव्या घेऊन पळत लोणावळ्याला जाणारा, बंगल्याबंगल्यांतून दूध घालून उन्हं डोक्यावर यायच्या आत नांगराला उभा राहणारा पोरगा, पण गाव त्याला म्हणायचं कोरडा. खरं तर ते नावही त्याचं नव्हतं. बापाकडून आलं होतं. पंचवीस वर्षांमागं भिमाजीही त्याच फरशीवर जोर काढायचा आणि त्याचीही फरशी अशीच कोरडी राहायची. एका चैत्रात वस्तादानं सगळ्यांदेखत काठीनं फरशी ठोकून सांगितलं, "भिमा, तू अंग चोरतोस." रखमाजी त्याचा जिवलग दोस्त. त्या दिवसापासून भिमाजी तालमीकडे फिरकला नाही. देवळात जायचा तरी वरच्या आळीनं, लांबून. त्यांच्या घराला कोरड्याचं घर म्हणायला लागले ते तेव्हापासून, आणि धोंडाबाई त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा हळदीच्या पाटावरच तिच्या कानावर हे नाव पडलं होतं.

म्हणजे आता प्रश्न एका कुस्तीचा नव्हता. जत्रेला पंधरा दिवस होते, आणि या खेपेला बजरंगची निवड झाली नाही तर उद्या त्याच्या पोरांनाही गाव कोरडाच म्हणणार, हे धोंडाबाईला दिसत होतं.

तिनं काय केलं नाही? ओवा आणि सुंठीचा काढा पाजला. कुळथाच्या पिठल्यात मूठभर लवंगी मिरची घातली. बजरंगच्या डोळ्यांतून, नाकातून, कानांतून पाणी आलं, भिमाजीची तर बोबडी वळली, पण फरशी कोरडीच. एकदा तालमीला जायच्या आधी तिनं त्याला तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लावलं. त्या दिवशी बजरंग जोर अर्धे टाकून दोनदा कुंपणामागं पळाला, आणि वस्तादानं ते दोन्ही वेळा मोजलं.

"आये, आता काय बी पाजू नगं," तो हात जोडून म्हणाला. "मी जोर काडतो. मला ठाऊक हाय मी काडतो. बास."

पोटचा पोरगा इतकं साधं बोलला की आईला जास्तच लागतं. धोंडाबाई चुलीशी तोंड करून बराच वेळ नुसती लाकडं सारत बसली.

दुसऱ्या दिवशी ती वस्तादाच्या बायकोकडे, झुंबरबाईकडे कुरडया घालायला गेली. नवऱ्यांची पंचवीस वर्षं बोलाचाल नव्हती, पण बायकांचं वाळवण त्यामुळे अडलं नव्हतं. वस्तादाचं अंगण तालमीला लागूनच होतं. धोंडाबाईनं सोऱ्यात चीक भरला, बाजेवर धोतर अंथरलं आणि बाज ओढून भिंतीच्या आडोशाला नेली.

"तितं नगं गं," झुंबरबाई ओरडली. "त्या कोपऱ्यात वारं लागत न्हाई. उद्याच्यालाबी चिकट ऱ्हातील. तालमीच्या दाराम्होरं ठिव. दिस कलला की खंडाळ्याकडनं वारं सुटतंय, ते नेमकं त्या दारात शिरतंय. घटकेत खडखडीत."

धोंडाबाईचा हात सोऱ्यावर तसाच राहिला.

"आक्का, तालीम दिस कलल्यावरच भरती न्हवं?"

"मग कवा भरणार?"

त्या दिवशी कुरडया धोंडाबाईच्या हातून नागमोडी पडल्या.

घरी येऊन तिनं आधी दोरीवर टाकलेला बजरंगचा न धुतलेला लंगोट खाली ओढला. काळ्या कापडावर पांढऱ्या रेघा होत्या, एकावर एक, कड्याच्या दगडावर असतात तशा. रोज धुताना ती बघायची, रोज चोळून काढायची. तिनं जीभ लावून पाहिलं. मीठ. एवढं मीठ की भाजीला पुरलं असतं. घाम येत नसता तर हे काय आभाळातून पडलं होतं?

बजरंग जेवायला बसला तशी तिनं विचारलं, "तुजी फरशी तालमीत कुटं रं?"

"दाराला लागून."

"आन हौश्याची?"

"मारुतीच्या कोनाड्याखाली. पार आत."

"तितं वारं असतंय?"

"तितं? जीव घुसमटतो तितं. हौश्या म्हनतो, मला हितंच शिजवून खा."

धोंडाबाई हसायला लागली. पदर तोंडात धरून हसली, मग पदर सोडून हसली. बजरंगला वाटलं, आईला मिरची चढली. तिनं मग सगळं सांगितलं: बाज, वारा, लंगोटावरचं मीठ. भिमाजी भिंतीला टेकून ऐकत होता. त्यानं ताटात हात धुतला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता. गेलं त्ये गेलं."

पण राहू देईल ती धोंडाबाई कसली. आता अडचण एवढीच होती की वस्तादाला हे सांगणार कोण? रखमाजीला शिकवायला जाणं म्हणजे गाढवापुढं गीता वाचणं, आणि तेही बाईमाणसानं, आणि तेही कोरड्याच्या घरातल्या. म्हणून ती झुंबरबाईकडे गेली. झुंबरबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली, "म्हंजी तीस वरसं ह्यो मानूस वारं मोजत बसलाय," आणि उठली.

संध्याकाळी तालीम भरायच्या वेळी तिनं नवऱ्याच्या हातात दोन ओले पंचे दिले. एकाच कापडाचे, एकाच बादलीत भिजवून एकसारखे पिळलेले.

"एक दाराजवळच्या फरशीच्या कडेला पसरा, एक मारुतीखालच्या. मेहनत संपली की घिऊन या."

"ही तालीम हाय. धोब्याचा घाट न्हाई."

"मी आत येऊ का मग पसराया?"

रखमाजीनं मुकाट्यानं पंचे घेतले. लोहगडवाडीच्या तीन पिढ्यांना आडवं केलेला गडी होता, पण घरात त्याची कुस्ती कधी बरोबरीतसुद्धा सुटली नव्हती.

दोघी बायका अंगणात बसल्या. आतून जोरांचे हुंकार येत होते, मातीवर अंगं आपटल्याचा धप धप आवाज येत होता. धोंडाबाईच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात तांदूळ होते, पण तिनं एकही खडा वेचला नाही. बऱ्याच वेळानं रखमाजी बाहेर आला. दाराजवळचा पंचा पापडासारखा ताठ झाला होता. मारुतीखालचा अजून ओलाच होता.

"ह्ये वाळवन हाय," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "घामाचं निराळं असतंय."

"का? घाम काय तेल हाय?" झुंबरबाई म्हणाली.

धोंडाबाईनं पदर सारखा केला. वस्तादापुढं ती आजवर बोलली नव्हती. "आबा, गडी तोच ऱ्हाऊ द्या. फरशी बदला," ती म्हणाली. "एकडाव तुमीच जोर काडून बगा तितं."

रखमाजी वळला आणि आत गेला. थोड्याच वेळात आतून पोरांचा मोजायचा आवाज यायला लागला. एक. दोन. तीन. साठीचा म्हातारा लंगोट लावून भिमाजीच्या फरशीवर उतरला होता. शंभरावर पोरांचा आवाज दबला. दीडशेवर झुंबरबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आता ह्यो मरतोय." दोनशेला मोजणी थांबली.

रखमाजी दारात आला आणि उंबऱ्यावरच बसला. छाती लोहाराच्या भात्यासारखी चालली होती, तोंड लाल झालं होतं आणि पाठ ठणठणीत कोरडी होती. मागून बजरंग आला, त्याच्या मागून ओलाचिंब हौशीराम.

"दोन तळवं," रखमाजी म्हणाला. "दोन तळवं आन नाकाचा एक थेंब. बास, एवडंच उठलं."

वारा अजून यायचा तसा येत होता.

मग हौशीरामनं घसा खाकरला. "वस्ताद, एक सांगू का? शपथ मोडती, पन सांगतो. औंदा मानाची कुस्ती बजाला खेळू द्या. सरावात त्यो मला रोज तीनदा पाडतो." थोडं थांबून म्हणाला, "येका दिशी चारदा. माज्या आयला सांगू नगा."

बजरंगनं मान खाली घातली. लपवत होता, पण हसत होता. वस्तादानं काठी मागवली, उठला, आणि निवड झाल्याचा नारळ त्याच्या हातात दिला. धोंडाबाईला पोराला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो उंबऱ्याच्या आत उभा होता, म्हणून ती बाहेर उभ्या उभ्या नुसतं बघत राहिली.

जत्रेत बजरंग लोहगडवाडीच्या नथूशी तासभर झुंजला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. कुसगावकर आजही सांगतात की पंच लोहगडवाडीचा पाहुणा होता. ते असो. गोष्ट तिथं संपत नाही, ती त्याआधीच संपली, नारळ दिला त्या संध्याकाळी.

रखमाजी घरी गेला नाही. तसाच खांद्यावर वाळलेला पंचा टाकून भिमाजीच्या दारात आला. पंचवीस वर्षांनी. भिमाजी ओट्यावर दोर वळत बसला होता. त्यानं मान वर केली, सरकून जागा केली आणि दोर वळत राहिला. धोंडाबाई आत चुलीवर गुळाचा चहा टाकून दाराआड उभी राहिली.

"भिमा, तू अंग चोरलं न्हवतंस," रखमाजी म्हणाला. "वारं हुतं. माजं चुकलं."

भिमाजीचे हात थांबले. धोंडाबाईला वाटलं होतं, आता पंचवीस वर्षांचा राग निघेल. ती या माणसाशी इतकी वर्षं संसार करत होती आणि तिला वाटत होतं, ह्याला राग आहे.

"मलाबी तसंच वाटायचं," भिमाजी हळू म्हणाला. "का मीच कुटंतरी चोरतोय. घरी जोर काडायचो रातच्याला, लपून. तरी वाटायचं, कमी पडतंय."

रखमाजीनं खांद्यावरचा पंचा काढून डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला. आत धोंडाबाईचा चहा उतू गेला, तरी तिला कळलं नाही. इतक्या वर्षांत तिनं एकदाही नवऱ्याला सांगितलं नव्हतं की तू कमी नाहीस. सांगायची गरज आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

शेवटी भिमाजीनंच विचारलं, "अजून येतंय का त्ये वारं, फरशीवर?"

"लय येतंय."

"बरं असायचं तितं," भिमाजी म्हणाला. "उकडत न्हवतं." आणि दोराचं एक टोक त्यानं रखमाजीच्या हातात धरायला दिलं.