घुमट बंद असतानाचे दिवस

तीन वर्षांत दोन फोन! सख्ख्या भावाची ही माया.

आई गेली त्या सात तारखेला दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ही आकाशच बघत बसली. आईला बघायला हिला वेळ नव्हता." मी तिथल्या तिथे त्याचा नंबर ब्लॉक केला. त्याच्याशी भांडायलासुद्धा मिळेना, तेव्हा दोन महिन्यांपूर्वी कुणाला न सांगता तो उघडला. तेव्हापासून दोनदा वाजला. मी उचलला नाही. आणखी चारदा करू दे, मग बघू, असा माझा तोरा.

आज सकाळी माझी विद्यार्थिनी तक्ता घेऊन आली. आमचं काम असं: एखादा तारा भरकटत कृष्णविवराच्या फार जवळ जातो, त्याच्या चिंध्या होतात आणि काही महिने तिथे उजेड पडतो. तो उजेड किती आणि असं किती वेळा घडतं, हे आम्ही मोजतो. ठळक थोडेच असतात. अंधूक पुष्कळ, पण ते हातून निसटतात.

"पाच वर्षांत फक्त चार, मॅडम," ती म्हणाली. "म्हणजे फारच दुर्मीळ."

"अगं बाई, मधे आरसा दुरुस्तीला जाऊन वर्षानुवर्षं अडकला होता ना? दुर्बिणीचा घुमट उघडा किती दिवस होता?"

"जेमतेम अकरा महिने."

"मग भागलंस कशाने? पाच वर्षांनी? डोकं घरी ठेवून आलीस का? आपण दार लावून बसायचं आणि वर म्हणायचं, बाहेर काही घडलंच नाही!"

ती हिरमुसली. मी तक्ता बाजूला सारला.

फोन काढला. पहिला मिस्ड कॉल सात तारखेचा. दुसराही सातचाच. दोन्ही वेळा दोन रिंगा वाजून थांबला होता, मला पक्कं आठवत होतं.

उघड्या दोन महिन्यांत दोन. त्याआधी बंद ठेवलेले चौतीस महिने, म्हणजे चौतीस सात तारखा. अरे देवा, काय करून बसले मी! दादाचा आवाज आत्ताच्या आत्ता ऐकावासा वाटला.

"तू जरा चहा पिऊन ये," मी तिला म्हटलं आणि नंबर लावला.

पहिल्याच रिंगेला त्याने उचलला.

"ठमे," तो म्हणाला, "आज तर तीनच तारीख."

"माहितीये रे दादा. सातपर्यंत दम निघेना."