कॅप्टनचा कोट

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबा महिनाभर त्याच्याकडे राहायला येणार होते, आणि ताईनं फोनवर पहिलं फर्मान काढलं ते कपाटाचं. "त्या बाहुल्या आधी नजरेआड कर. उगाच त्यांचं डोकं फिरायला नको."

बाहुल्या म्हणे! हा पंचेचाळिशीचा गृहस्थ दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायचा आणि संध्याकाळी वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या वीरांची धूळ पुसायचा. अंतराळवीर, दर्यावर्दी, यंत्रमानव, सगळे मिळून एकशे बारा. कुणाचा हात तुटला तर कवळीच्याच गुलाबी मसाल्याचा नवा बसवून द्यायचा. मेव्हणे चारचौघांत विचारायचे, "काय, मुलंबाळं मजेत ना?" त्याचं त्याला आता काही वाटत नव्हतं.

सलत होतं ते वेगळंच. दहा वर्षांचा असताना त्यानं दुकानाच्या काचेला नाक लावून एका दर्यावर्दी कॅप्टनसाठी हट्ट धरला होता. बाबा शिंपी. त्यांनी दंडाला धरून त्याला फरफटत घरी आणलं होतं. पुढे पहिल्या पगारात त्यानं शोधशोध शोधून तोच कॅप्टन मिळवला आणि दाखवायला नेला, तर बाबांनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. त्यांनी एकदा, फक्त एकदा तो हातात घेऊन बघावा, एवढंच त्याला हवं होतं. ते काही घडलं नाही.

त्यानं एकशे अकरा जण खोक्यांत भरले. कॅप्टनला आत टाकवेना. त्याचा मूळचा कोट केव्हाच विरला होता, म्हणून स्वतःच कसाबसा शिवलेला कोट घालून त्याला खिडकीत पडद्यामागे उभा केला.

बाबा आल्यावर चौथ्या दिवशी कामावरून येऊन बघतो तर कॅप्टन उघडाबंब! कोटाच्या चिंध्या केराच्या टोपलीत. तीस-पस्तीस वर्षांचा राग उसळून आला.

"बाबा, तुम्ही त्याचा कोट फाडलात?"

"कोट? पोतं होतं ते. खांदे कुठं, बाह्या कुठं!" पलंगावरून बाबा म्हणाले आणि त्यांनी उशीखालून काहीतरी काढलं. "हा घाल त्याला."

निळा कोट. हातशिलाईचा, कॉलर उभी, मोहरीएवढी तीन काजं. बाबांच्या जुन्या जाकिटाचं अस्तर त्यानं लगेच ओळखलं. कोट खांद्यावर बरोबर बसला, खाली मात्र घेराला फुगला. त्यानं उलटून पाहिलं. आत बोटभर कापड दुमडून टाके घातले होते.

"एवढं कापड आत कशाला ठेवलंत?"

"वाढतं अंग..." बाबा बोलता बोलता थांबले. मग ओशाळून म्हणाले, "छोटं माप दिसलं की हात आपोआप जास्तीचं कापड सोडतो. तुझे सगळे कपडे असेच शिवायचो. दर वर्षी थोडे उसवायचे." त्यांनी कॅप्टन मागून घेतला, उलटसुलट फिरवून पाहिला. "हा कुठला वाढायला. दे कात्री, कापून टाकतो."

"राहू दे, बाबा."

बाबांनी कात्रीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. कॅप्टनची कॉलर अंगठ्यानं सारखी करत त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दुकानात हाच होता ना रे?"

"हो," तो म्हणाला.