गोविंदनच्या आईचा फोटो

प्रणालीला दोन स्टार मिळाले, तेही तिने जीव ओतून केलेल्या कामाला.

अमरावतीच्या साईनगरात बसून ती जगभरातल्या लोकांचे जुने फोटो दुरुस्त करायची. विरलेले, फाटलेले, बुरशी चढलेले फोटो लोक स्कॅन करून पाठवत आणि ती ते संगणकावर नवे करून परत धाडी. कामं एका वेबसाइटवरून येत. काम झालं की गिऱ्हाईक स्टार देई, दोन ओळी लिही आणि त्या वाचून पुढचं गिऱ्हाईक ठरवी, की या बाईच्या हाती आपला फोटो द्यायचा की नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या गोविंदन नावाच्या गृहस्थाने आपल्या आईचा फोटो पाठवला होता. अर्धा चेहरा डागांनी खाल्लेला. प्रणालीने एकेक डाग टिपून काढला, विटलेल्या पदराला काठ दिला. उलट निरोप आला तो असा: ‘फोटो सुंदर आहे. पण ही माझी आई नाही.’ खाली दोन स्टार.

त्याआधी कुणीतरी उशीर झाला म्हणून तीनच दिले होते. वेबसाइट अलीकडच्या मतांना जास्त वजन देई. प्रणालीची सरासरी घसरली, नावापुढची भरवशाची खूण गेली, आणि शोधणाऱ्याला तिचं नाव दिसायचं ते पार तळाशी. आधी नवी विचारणा थांबली, मग नेहमीचे लोकही दिसेनासे झाले. तिने कंपनीला तक्रार लिहिली. त्यावर आलेलं उत्तर इतकं गोड होतं, की ते माणसाने लिहिलेलं नाही हे पहिल्या ओळीतच कळलं. नवरा शिवम म्हणाला, जाऊ दे, होते असं. पण तिच्या मनातून ते जाईना.

मे महिन्यात मामेबहिणीच्या नातवाचं बारसं निघालं, म्हणून ती अकोल्याला गेली. जेवणं उरकल्यावर बायका कूलरपुढे लवंडल्या आणि ती एकटीच ताजनापेठेकडे निघाली. तिथे पूर्वी अब्दुल रहीम यांचा फोटो स्टुडिओ होता.

ती अकोटहून एसटीने अकोल्याला कॉलेजला यायची, तेव्हाची गोष्ट. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहरे सुधारण्यात रहीमचाचांची हयात गेली होती. आता संगणक आला होता आणि त्यांना माउस काही धरता येत नव्हता. प्रणालीने नुकताच संगणकाचा कोर्स केला होता. दुपारचं कॉलेज सुटलं की ती स्टुडिओत बसायची. आत फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास, डार्करूमच्या दारावर जुना हिरवा पडदा, बाहेर टिनाची दोन स्टुलं. गावोगावची माणसं गेलेल्यांचे फोटो घेऊन यायची. पिशवीतून, पदरातून, कधी रेशनकार्डात घडी घालून. चाचा फोटोला हात लावण्याआधी विचारायचे, “हे कोन व्हय?”

मग गप्पा सुरू. चहा येई. प्रणाली माउसवर हात ठेवून चुळबुळत बसायची, कारण शेवटची अकोट गाडी चुकेल ही धास्ती. पण ऐकणं काही चुकायचं नाही. काम सुरू होईपर्यंत तिला फोटोतला माणूस तापट होता की विनोदी, हे ठाऊक झालेलं असे.

एकदा अकोटच्याच सुंदराबाईंनी नवऱ्याचा फोटो नेला आणि दुकानाची पायरी उतरायच्या आधीच परत आणला. “हा मानूस माह्या ओळखीचा नाही,” त्या म्हणाल्या. प्रणालीने उत्साहाच्या भरात त्याचे केस काळेभोर केले होते. चाचांनी बाईंना बसवलं. कळलं ते असं, की नवऱ्याचे केस ऐन पंचविशीत पांढरे झाले होते आणि गाव त्याला बगळा म्हणायचं. केस पुन्हा पांढरे झाले. पुढे सुंदराबाई बाजाराला आल्या की काही काम नसतानाही त्या स्टुलावर घटकाभर टेकून जात.

आता तिथे चाचांचा मुलगा तौहीद मोबाइल दुरुस्त करत होता. त्याने प्रणालीला ओळखलं आणि वर पाठवलं. चाचा खिडकीशी बसले होते. नजर अधू झाली होती, पण तिचा आवाज ऐकताच त्यांनी बरोबर नाव घेतलं. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने दोन स्टारांचं सगळं सांगितलं. चाचांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

“त्याची माय कशी होती?” त्यांनी विचारलं.

“मले काय मालूम, चाचा? फोटो आला, मी केला.”

“मंग दोन देल्ले तेही जास्तच झाले, बेटा.”

प्रणालीला ते लागलं. ती उठायला निघाली, तर चाचांनी हाताने खूण करून तिला बसवलं.

“तुयं गिऱ्हाईक पायरी चढून येत नाही, हे खरं. पन विचारता त येते ना? त्याले तारे मांगू नको. माय कशी होती, तेवढं विचार.”

मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत ती गाडीत फणफणत होती. घरी आल्यावर मात्र तिने गोविंदनना पत्र लिहिलं. त्यात स्टारांचा शब्द नव्हता.

उत्तर आलं ते भलं लांबलचक. आई उसाच्या मळ्यात राबायची, मोठ्याने हसायची, आणि लहानपणी तिच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदवलेले होते. पाळण्यातलं मूल त्या ठिपक्यांना बोट लावल्याशिवाय झोपत नसे. ते मूल म्हणजे आपणच, असं म्हाताऱ्याने लिहिलं होतं.

प्रणालीने मूळ स्कॅन उघडला. बुरशीच्या डागांत ते तीन ठिपके एका रांगेत होते. तिने डागांबरोबर तेही पुसले होते. तिची सासू मैनाबाई रोज तिच्यासमोर जेवायला बसायची, आणि तिच्या हनुवटीवरही गोंदण होतं. प्रणालीने तो चेहरा पहिल्यापासून पुन्हा केला.

गोविंदननी कळवलं, की थोरल्या बहिणीने फोटो पाहिला आणि आईला हाक मारली. स्टार बदलायला गेलो, पण मुदत संपल्याने वेबसाइट ऐकत नाही, म्हणून माफी. ते दोन स्टार आजही तिच्या नावाखाली आहेत.

आता ती प्रत्येकाला आधी विचारते, हे कोण आहेत म्हणून. काही जण उत्तर देत नाहीत. एकाने तर ‘फार चौकशा करते’ म्हणून एक स्टार कापला. कामं हळूहळू येऊ लागलीत, पण ती भरवशाची खूण अजून परतलेली नाही.

येणारी उत्तरं ती दुपारी फोनवर चाचांना मराठीत सांगते. परवा नॉर्वेहून एक फोटो आला, बर्फात उभा असलेला एक तरुण आणि त्याच्या पायाशी कुत्रा. तो तरुण म्हणजे पाठवणारीचा आजोबा, बोटीवर जायचा, वगैरे सगळं प्रणालीने वाचून दाखवलं.

“आन् कुत्र्याचं नाव?” चाचांनी विचारलं.

ते तिने विचारलं नव्हतं. फोन ठेवून ती लिहायला बसली.