नववा पट्टा

रंगांच्या दुकानात तिला सगळे शेडबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच सुखानं नांदत होतं. गिऱ्हाईक भिंतीचा नखाएवढा पापुद्रा घेऊन यायचं, अगदी हाच रंग हवा म्हणून हट्ट धरायचं, आणि शेडबाई तो ट्यूबलाइटखाली धरून डोळे बारीक करायची. मग पांढऱ्याच्या डब्यात दोन थेंब काळा, एक थेंब गेरू, किंचित निळा. लाकडी पट्टीवर रंगाचा हात मारायचा, वाळू द्यायचं, आणि पापुद्रा वर ठेवायचा. तो पट्टीत विरघळल्यासारखा दिसेनासा झाला की काम फत्ते. एकतीस वर्षं हे चाललं होतं. कोपऱ्यात रंग मिसळायचं मशीन येऊन बसलं, तरी जुनी गिऱ्हाइकं त्याच्याकडे पाहून नाक मुरडायची आणि बाई कुठे आहेत म्हणून विचारायची.

हीच शेडबाईची मिजास. घरी तिला विचारणारं कोणी नव्हतं. एक खोली, एक खुर्ची, आणि दुसरी खुर्ची धुतलेले कपडे टाकायला.

आणि आता ती मिजासच धोक्यात आली होती. दोन महिन्यांपूर्वी दातांच्या डॉक्टरच्या खोलीची एक भिंत रंगवायची राहिली होती. तिनं रंग जुळवून दिला आणि तीन भिंती पांढऱ्या, एक जांभळट, असा प्रकार झाला. डॉक्टर दुकानात येऊन म्हणाला की पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात ही भिंत त्यांच्याहून आजारी दिसते. मालकांनी सगळा दोष ट्यूबलाइटवर ढकलला आणि नवी लावली. पंधरा दिवसांत एका शिंप्याच्या दुकानाची तीच गत झाली. आता ट्यूब तर नवीकोरी होती. मालक काहीच बोलले नाहीत, आणि ते न बोलणंच तिला झोंबलं.

म्हणून आपल्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच बस पकडून ती नदीच्या कड्यावर आली. तिथल्या उन्हाला कोणी नावं ठेवू शकत नव्हतं.

नदी तिथे वळण घेते आणि वळता वळता टेकडीचा लचका तोडते. उघडा पडलेला कडा म्हणजे रंगांची नुसती चंगळ. तळाशी विटेचा लाल, वर हळदी, मग गंजाचा तपकिरी, शेवाळी, राखाडी, खडूसारखा पांढरा, आणि मधेमधे पावसानं कोरलेल्या घळी. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी इथेच आणून उभं केलं होतं आणि पट्टे मोजायला सांगितलं होतं. बहुतेकांना आठ दिसायचे. नववा फिक्या आणि गडद अशा दोन राखाडी पट्ट्यांच्या मधे चार बोटांचा, धुऊन धुऊन विटलेल्या जांभळ्या रुमालासारखा. तिनं पहिल्या झटक्यात नऊ सांगितले. वस्तादांनी कौतुक वगैरे केलं नाही. उद्यापासून डब्याला हात लाव, एवढंच म्हणाले. पुढे वस्ताद गेले, आणि त्या नऊची साक्ष द्यायला जगात कोणी उरलं नाही.

आज तिनं मोजले. सात.

पुन्हा मोजले. सात. दोन राखाडी पट्टे आणि मधला जांभळा, तिघं मिळून एकच जाड राखाडी पट्टा झाले होते. हाताची सावली करून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. सातच. मग तिनं स्वतःची समजूत काढली, की नदी दर पावसाळ्यात कडा खाते, जांभळा पट्टा कोसळून वाहूनही गेला असेल. कोणाला तरी विचारावं असं वाटलं. एक जोडपं आलं होतं, कड्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होतं. तिनं धीर करून विचारलं, तर तो मुलगा आदबीनं म्हणाला, "पाच-सहा असतील ना, आजी." एका वाक्यात दोन घाव. मग तेही गेले, आणि कड्यावरून घरंगळणाऱ्या वाळूच्या आवाजाशिवाय काही उरलं नाही.

आता एकच उपाय होता. वस्तादांनी तेव्हा प्रत्येक पट्टा बोटांनीही चोळायला लावला होता. बाकीचे सगळे खरखरीत किंवा चिकट, जांभळा तेवढा पावडरीसारखा मऊ. शेडबाई वर निघाली. पायवाट कसली, बकरीनंही विचार करावा अशी घसरण. खडे निसटत होते, गुडघे कुरकुरत होते, दर दहा पावलांना थांबून ती आपण थकलो नाही, नदी बघतो आहोत असं दाखवत होती. कोणाला, ते मात्र विचारू नका.

राखाडी पट्टा आला. तिनं वरून खाली बोट फिरवलं. खरखरीत. खरखरीत. आणि एकदम मऊ.

तिचा हात थांबला. बोट जिथे होतं, तिथे तिला राखाडीच दिसत होतं. तिनं चिमूटभर माती तळहातावर घेतली, नाकाशी धरली, उन्हात धरली. राखाडी. डोळे मिटून तिनं मऊ भागाच्या वर आणि खाली नखानं रेघ ओढली. मधे बरोबर चार बोटं. कडा जागच्या जागी होता.

ती तिथेच बसली. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. फोनमधले नंबर वरखाली केले. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन हमखास उचलेल असा माणूस एकच निघाला.

"मालक, शाळेसाठी काल केलेले डबे पाठवू नका. मला जांभळा दिसत नाहीये."

पलीकडे मशीनची घरघर बंद झाली. मग मालक म्हणाले, "पाठवले सकाळी. तुमचे नाही, मशीनवर परत करून."

तेव्हा कळलं, की शिंप्याच्या प्रकारानंतर ती घरी गेल्यावर रोज हेच चालायचं. तिला इतका राग आला, की हातातली माती सांडली. सांगितलं का नाही, म्हणून तिनं विचारलं.

"तुम्ही पट्टी वाळवून इतक्या खुशीत दाखवायचात. माझी जीभच रेटली नाही."

मग त्यांनी आपल्या आईचं सांगितलं. मोतीबिंदू होता, डोळ्यांवर पिवळा पडदा. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, आणि घरी आल्या आल्या आईनं सगळ्या पडद्यांना नावं ठेवली. तुम्ही डोळे दाखवले का नाहीत, असं मालकांनी विचारलं. दाखवायला ती दवाखान्यात गेली होती. फॉर्म हातात घेऊन, पेन उघडून, तशीच परत आली होती. मनाला सांगितलं होतं, की तिथे गर्दी फार.

"त्या फॉर्मवर एक रकाना असतो," ती म्हणाली, "सोबत कोण येणार त्याचा. तिथे लिहायला माझ्याकडे कोणी नाही."

हे ती आजवर कोणाजवळ बोलली नव्हती. आरशाजवळसुद्धा नाही.

"माझं नाव लिहा की," मालक म्हणाले. "फक्त नातं विचारतात तिथे मालक लिहू नका, डॉक्टर मला भलताच मोठा माणूस समजेल."

"मग काय लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. गिऱ्हाईक आलंय, ठेवतो."

फोन बंद झाला. खाली पाहिलं तर चढण होती त्याच्या दुप्पट उतरण दिसत होती, आणि हात द्यायला चिटपाखरूही नव्हतं. शेडबाईनं पदर खोचला आणि चक्क बसून, एकेक फूट सरकत उतरायला सुरुवात केली. सरकता सरकता रकान्यात लिहायच्या नात्याचा विचार चालू होता. भाऊ? छे, राखी बांधावी लागेल. शेजारी? ते तर दोन बस लांब राहतात. एका घळीपाशी ती थांबली, दोन्ही तळवे मातीवर टेकले, आणि पुढचा खडा पक्का आहे का, ते पायानं चाचपू लागली.